पिशवी टाकवत नाही आणि ठेववतही नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलं आहे. नाव न देता त्याचा गोषवारा असा. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. ताई नोकरी करतात. उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं, की स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकच्या पिशव्या हद्दपार करायच्या. ऑनलाइन सिलिकॉनच्या झिपवाल्या पिशव्या आणि भाजीसाठी मलमलच्या पिशव्या मागवल्या. सगळे मिळून २,६०० रुपये गेले. आता तीन महिन्यांनंतरची परिस्थिती अशी, की मलमलच्या पिशवीतली मेथी दुसऱ्या दिवशी मान टाकते, सिलिकॉनच्या पिशवीला कांदा-लसूण चटणीचा वास धरला आहे तो जात नाही, आणि मिस्टर दर रविवारी खानावळीतला तांबडा-पांढरा रस्सा पूर्वीसारखाच पिशवीतून आणतात. त्यात एक दिवस ताईंनी ओट्याखालचा पिशव्यांचा गठ्ठा कचऱ्यात टाकला. सासूबाईंनी तो बाहेर काढला, धुतला, वाळवला आणि "एवढी धड पिशवी टाकवते तरी कशी तुला?" म्हणून दोन दिवस अबोला धरला. ताई विचारतात: माझे पैसे पाण्यात गेले का? कशासाठी काय वापरावं? सासूबाईंना कसं समजवावं? आणि ताजा कलम असा, की दिवाळीला नणंदेला याच सिलिकॉनच्या पिशव्या भेट द्यायचं मनात होतं, आता देऊ की नको?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची दमणूक दिसली. नोकरी सांभाळून, स्वतःच्या पगारातून, कुणी सांगितलेलं नसताना तुम्ही हे अंगावर घेतलंत आणि घरातल्या कुणीही "बरं केलंस" म्हटलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र सासूबाई दिसल्या. त्यांच्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला त्यांच्याजवळ दिसतात.

पत्रात त्या अडथळा म्हणून आल्या आहेत. पण नीट बघा. दुधाची पिशवी कापायची, आतून साबणाच्या पाण्यानं धुवायची, उलटी करून नळावर नाहीतर झाऱ्याच्या दांड्यावर वाळत घालायची आणि घडी करून ठेवायची, हे काम त्या किती वर्षं करत असतील? तुमच्या घरात पिशवीला एकदा वापरून फेकायची वस्तू न मानणारं पहिलं माणूस त्या आहेत. तुम्ही वेगळ्या वाटेनं तिथंच पोचलात. त्यांनी टंचाई बघितली म्हणून वस्तू टाकवत नाही, तुम्ही कचरा बघितला म्हणून वापरवत नाही. भांडण होण्याइतकं अंतर यात नाही. ज्या दिवशी तुम्ही न विचारता गठ्ठा टाकलात, त्या दिवशी त्यांना त्यांच्या इतक्या वर्षांच्या कष्टाला तुम्ही कचरा म्हणालात असं वाटलं असणार. तेवढ्यापुरतं "आई, तुम्हाला विचारायला हवं होतं" एवढं म्हणून टाका. पुढचं बोलणं फार सोपं होईल.

त्यांच्या सवयीत एक गोष्ट मात्र बदलायला हवी, आणि ती सांगताना कारण सांगा. दुधाची पिशवी थंड दूध दोन-चार दिवस ठेवण्यासाठी केलेली असते. तीत किसलेलं खोबरं, सोललेले मटार, कडीपत्ता, असं थंड किंवा कोरडं काही ठेवलं तर तक्रार नाही. गरम आमटी, तळलेले वडे, तेल सुटलेली चटणी त्यात भरायची नाही. प्लॅस्टिकमधले घटक अन्नात उतरायला तीन गोष्टी मदत करतात: उष्णता, तेल आणि वेळ. या तिन्ही एकत्र आल्या की पिशवी कितीही स्वच्छ धुतलेली असली तरी उपयोग नाही. आणि भाजीवाल्याकडून आलेल्या काळ्या, निळ्या पातळ पिशव्यांत तर अन्न ठेवूच नका. त्या बहुतेक वेळा कसल्या कसल्या भंगार प्लॅस्टिकपासून बनलेल्या असतात आणि रंग घातल्यामुळं आत काय आहे ते कळत नाही. थंड आणि कोरडं चालेल, गरम आणि तेलकट चालणार नाही, इतकं साधं ठेवलंत तर सासूबाई तुमच्यापेक्षा कडकपणे पाळतील, बघा.

दुधाच्या पिशव्यांबद्दल आणखी एक. कोपरा कापताना तो पूर्ण कापून वेगळा करू नका, थोडा जोडलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा मोरीतून वाहत जातो, कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी अखंड, धुतलेली, वाळलेली असेल तर भंगारवाला ती घेतो, कारण ते प्लॅस्टिक चांगल्या प्रतीचं असतं. राज्याच्या प्लॅस्टिकबंदीतून दुधाच्या पिशव्या वगळल्या गेल्या, त्याही त्या परत घेण्याच्या अटीवरच.

आता तुमच्या पैशांकडे येते. पैसे वाया गेलेले नाहीत, पण तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीत, ती तपासून बघा. पिशवी जाणार म्हणजे तिच्या जागी दुसरी कुठलीतरी पिशवी विकत आणावी लागणार, असं तुम्हाला वाटलं. प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी एकच असते आणि दहा कामं करते, म्हणून तिला पर्यायही एकच असावा असं वाटणं साहजिक आहे. तो तसा नसतो. प्रत्येक कामाला आपल्या घरात आधीपासून एकेक भांडं आहे. पिशव्या आल्या तेव्हा ती भांडी माळ्यावर गेली, एवढंच झालं.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी दाराजवळच्या खुंटीला पितळी किटली असायची. वडील पहाटे ती घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचे. म्हैस समोर उभी, धार समोर काढली जाते, दूध थेट किटलीत. तिथं उभ्यानं दूध पिणाऱ्यांना पेल्यातून मिळायचं, पिऊन झालं की पेला परत. या सगळ्या व्यवहारात फेकण्यासारखं काही उरायचंच नाही, आणि कुणाला त्याचं कौतुकही नव्हतं. भाकरी बुट्टीत, फडक्यात गुंडाळून. चटणी चिनी मातीच्या बरणीत. तेलाला तेलाची किटली. मी जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतली नाही. त्या किटल्या घासायला आईचे हात होते, आणि त्या मुद्द्यावर मी पुढं येणारच आहे. पण तुमचा माळा एकदा सासूबाईंना बरोबर घेऊन उघडा. मला खात्री आहे, दोन कडीचे डबे आणि एखादी किटली नक्की निघेल.

कापडाचंही तसंच. नवी कापडी पिशवी घेतली की आपल्याला पुण्य लागल्यासारखं वाटतं, पण कापूस पिकवायला, कातायला, विणायला, रंगवायला पाणी आणि वीज लागतेच. ब्रिटनच्या पर्यावरण विभागानं २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबात सुपरमार्केटच्या साध्या पातळ पिशवीशी बरोबरी करायला नव्या सुती पिशवीला किमान १३१ वेळा वापरावं लागतं, असं त्यातून निघालं. आठवड्यातून एकदा मंडईत नेली तर अडीच वर्षं. त्या हिशेबात नदी-नाल्यांतला कचरा धरलेला नाही, म्हणून पातळ पिशवी चांगली असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच, की तुमच्या मलमलच्या पिशव्या आता फाटेपर्यंत वापरा आणि नव्या घेऊ नका. घरात जुने उशीचे अभ्रे असतील. अभ्रा म्हणजे तयार पिशवीच, तोंडाला नाडी ओवली की झालं. सासूबाईंचं एखादं विरलेलं सुती लुगडं असेल तर त्यातून आठ-दहा पिशव्या सहज निघतात. त्यांना शिवायला सांगा. उपचार म्हणून सांगू नका, तुम्हाला खरंच त्यांची मदत लागणार आहे.

आणि हो, दुकानात हल्ली कापडासारखी दिसणारी, हाताला जरा खरखरीत लागणारी पिशवी मिळते, ती कापडाची नाही. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. तुमच्या मिस्टरांनी "हॉटेलवाला आता वरून कापडी पिशवी देतो की" असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय, ती बहुधा हीच. काडी लावून बघितलीत तर कापसासारखी जळून राख होत नाही, वितळून तिचा गोळा होतो.

आता रविवार.

तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकलात. रविवारी दुपारी बाराला कोल्हापुरात कुठल्याही खानावळीसमोर उभं राहून बघा. उकळता तांबडा रस्सा पळीनं पातळ पिशवीत पडतो, पिशवी फुगते, पोऱ्या तिचं तोंड पिळून रबर लावतो किंवा गाठ मारतो. घरी येईपर्यंत अर्धा तास. ती गाठ नखानं सुटत नाही, कात्री घ्यावी लागते. रस्सा पातेल्यात ओतल्यावर पिशवी उजेडाकडं धरली की आतल्या बाजूला तर्रीचा लाल तवंग चिकटलेला दिसतो, खालच्या कोपऱ्यात थेंब साठलेला असतो. मघाशी म्हटलं ना, उष्णता, तेल आणि वेळ. तिन्ही इथं एका पिशवीत आहेत. ही पिशवी सासूबाईसुद्धा धुऊन ठेवत नसतील. भंगारवाला तिला हात लावत नाही. ती ओल्या कचऱ्यात जाते, वासानं कुत्री ओढतात, गाई चघळतात, उरलेली गटारात. आपली गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. २०१९ चा आणि २०२१ चा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या कुंपणांच्या तारांना आणि झाडांच्या फांद्यांना लोंबणाऱ्या पिशव्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. मी त्यांच्याकडं बघत बराच वेळ थांबले होते. त्यातली एखादी माझ्या घरातली नसेल असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की मेथी, मटार, चपात्या हे सगळं नंतर बघा. एकच गोष्ट बदलायची असेल तर रविवारचा रस्सा बदला. आठवड्याला चार-पाच गरम, तेलकट, पुन्हा न वापरता येणाऱ्या पिशव्या घरात यायच्या थांबतील. वर्षाला दोन-अडीचशे.

हे काम मिस्टरांचं आहे. रस्सा आणायला ते जातात, डबा त्यांनीच न्यायचा. "डबा घेऊन उभं राहायचं म्हणजे कसंतरीच वाटतं" असं ते म्हणतात, ते मी समजू शकते. पहिल्या दिवशी वाटतं. मलाही वाटलं होतं. पण काउंटरवरचा माणूस डबा बघून बहुतेक वेळा खूश होतो, त्याची पिशवी वाचते. त्यांना हेही सांगा, की पातळ पिशवी देणं त्या हॉटेलवाल्याच्याही अंगाशी येऊ शकतं. आपल्या राज्यानं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, हँडल असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. पिशवी आपल्याला फुकट मिळते असं वाटतं, पण जोखीम तो माणूस घेत असतो.

डबा कसा असावा, यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून सविस्तर सांगते. पहिल्या वेळी मी साध्या, नुसतं वरून दाबायच्या झाकणाचा डबा नेला आणि स्कूटरवर पायाशी ठेवला. पहिल्याच गतिरोधकावर झाकण उडालं, अर्धा पांढरा रस्सा पायावर आणि चपलेत. पाय पोळला. तेव्हापासून कडीचा किंवा फिरकीच्या झाकणाचा डबा, आतली रबरी चकती शाबूत आहे का ते बघून. दोन रश्शांना दोन डबे. खणांचा उभा डबा कोरड्या भाजीला ठीक, रस्सा त्यातून पाझरतो. डबा काठोकाठ भरायचा नाही, तीन बोटं जागा ठेवायची, वाफेला वाव लागतो. उकळतं भरून झाकण आवळलं की थंड होताना आतली वाफ आळते आणि झाकण असं बसतं की निघत नाही. तेव्हा झाकणावर गरम पाणी ओतायचं, सुटतं. डबा नेताना जाड कापडी पिशवीत उभा ठेवायचा, मध्ये पंचा दाबून. मुलांनी अभ्र्याची पिशवी करून दिली तर आणखी बरं, वडील ती विसरणार नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यावर सगळं अवलंबून आहे. रविवारी गर्दीच्या वेळेला पार्सल आधीच पिशव्यांत बांधून ठेवलेलं असतं. साडेबाराला डबा पुढं केलात तर तो माणूस बांधलेली पिशवी फोडून तुमच्या डब्यात ओतेल आणि पिशवी कचऱ्यात टाकेल. काहीच साधलं नाही. साडेअकराला जायचं, किंवा सकाळी फोन करून "डबा घेऊन येतो, आमचं बांधून ठेवू नका" असं सांगायचं. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर दोन रविवारांत त्यांना पाठ होतं.

मटणाच्या दुकानातही हाच डबा चालतो, फक्त तो वेगळा ठेवा, कच्च्या मटणाचा म्हणून ठरवून. आधी डब्याचा धडा करून घ्या, म्हणजे रिकाम्या डब्याइतकं वजन दुसऱ्या पारड्यात घालायला लावा, किंवा काटा शून्यावर आणायला सांगा, म्हणजे डब्याच्या वजनाचे पैसे जाणार नाहीत. कच्चं मटण, मासे कापडी पिशवीत तर नाहीच, सिलिकॉनच्या पिशवीतही नको. तिच्या शिवणीच्या खाचेत जे अडकतं ते हातानं घासून निघत नाही. स्टीलला खाच नसते.

मेथीचं सांगते. तुमची मलमलची पिशवी बिघडलेली नाही. फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि पालेभाजी तोडल्यावरही श्वास घेते, पाणी सोडते. प्लॅस्टिकमध्ये ते पाणी आत कोंडतं म्हणून भाजी टवटवीत दिसते आणि चौथ्या दिवशी बुडाशी चिकट होऊन कुजते. मलमलमधून पाणी उडून जातं म्हणून ती सुकते. यावर सोपं म्हणजे मलमलची पिशवी भिजवून घट्ट पिळायची, निवडलेली मेथी न धुता तीत घालायची, आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवायची. दोन दिवसांनी फडकं कोरडं वाटलं तर पुन्हा ओलं करायचं. कोथिंबिरीला उलट, कोरडं फडकं आणि डबा, कारण ती मंडईतून पाणी मारूनच येते. भेंडी, गवार, वांगी कोरडी. कांदे-बटाटे फ्रिजबाहेर, उघड्या टोपलीत, पण एकमेकांपासून लांब. केळी सगळ्यांपासून लांब. बास, यापेक्षा जास्त नियम केलेत तर चार दिवसांत कंटाळाल.

चपात्या, भाकरीला सुती फडकं आणि स्टीलचा डबा. तळाला फडक्याची एक घडी जास्त ठेवा, म्हणजे वाफेचं पाणी ती शोषते. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, त्याच्या शाईमुळं अन्न त्यात गुंडाळायला आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही मनाई आहे.

फ्रीझरमध्ये काय, असं तुम्ही विचारलंय. इथं तुमच्या सिलिकॉनच्या पिशव्या कामाच्या आहेत, खरं म्हणजे इथंच त्यांना तोड नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काचेची बरणी तडकते, सिलिकॉन ताणलं जातं. मटाराच्या हंगामात दाणे भरून आडव्या ठेवा, पातळ थर राहतो आणि लागतील तेवढे दाणे मोडून काढता येतात. खोवलेलं खोबरं, लिंबाचा रस, पुरणाचे गोळे हे सगळं चालतं. मुलांच्या सहलीला भडंग, फुटाणे न्यायलाही उत्तम, डब्याचं वजन नको तिथं.

चटणी मात्र त्यात घालायला नको होती. सिलिकॉन तेल आणि तेलातला वास धरून ठेवतं. वर्षाची कांदा-लसूण चटणी बरणीतच. ज्या पिशवीला वास लागलाय ती उलटी करून गरम पाण्यात साबणानं धुवा, खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून आतून लावा, रात्रभर ठेवा, आणि मग दोन-तीन दिवस कडक उन्हात उघडी टाका. हळदीचा पिवळा डाग उन्हानं बराच उतरतो, हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. वास पूर्ण गेला नाही तर ती पिशवी लसूण, आलं, हिरव्या मिरच्यांना देऊन टाका. फेकू मात्र नका. सिलिकॉन मजबूत आहे, बरीच वर्षं टिकतं, आणि भंगारवाला ते सहसा घेत नाही. म्हणून ते टिकेल तोवर वापरलं तरच त्याचा फायदा आहे.

बाजारात आता विघटनशील म्हणून हिरवट पिशव्या मिळतात, त्यांच्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. त्यातल्या खऱ्याखुऱ्या असतील त्याही कुजायला मोठ्या खतप्रकल्पातली उष्णता लागते. गटारात किंवा परसात टाकलेली पिशवी कित्येक महिने तशीच राहू शकते. मी घेत नाही.

आता तो मुद्दा, जो मी मघाशी राखून ठेवला. हे सगळं धुणार कोण?

तुमच्या पत्रात "मी ठरवलं", "मी मागवलं", "मी टाकलं" असंच आहे. प्लॅस्टिकची पिशवी घरात आली ती नुसती स्वस्त होती म्हणून नाही. तिनं बाईचं घासणं वाचवलं. सकाळी पावणेनऊला बस पकडणाऱ्या बाईला एक डबा कमी घासायला लागणं म्हणजे काय, हे मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आता पिशवी बंद करून ते घासणं परत तुमच्याच किंवा सासूबाईंच्या हातात येणार असेल, तर हा बदल फार दिवस टिकणार नाही, आणि टिकू नये असंच मला वाटतं. रश्श्याचा डबा जो आणतो त्यानं घासायचा. शाळेचा डबा आणि सहलीची पिशवी ज्याची त्यानं धुवायची. तुमची मुलं, तुम्ही लिहिलंय त्यावरून, नववीत आणि सहावीत आहेत. दोघांनाही ते येतं. तेलकट डब्याला आधी थोडं बेसन किंवा राख चोळली की तेल निघून येतं आणि साबण कमी लागतो, एवढं दाखवून द्या. यात कुणी कुरकुर केली तर मेथीचं फडकं ओलं करणं सोडा, दूधपिशवीचा कोपरा सोडा, पण ही वाटणी सोडू नका.

सुरुवात या रविवारी करू नका. सासूबाईंशी बोला, माळा उघडा, डब्यांच्या चकत्या तपासा, नव्या लागल्या तर भांड्यांच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतात. पुढच्या रविवारी मिस्टरांना पाठवा. पहिले चार रविवार दुसरं काहीही बदलू नका. ओट्याखालचा गठ्ठा आहे तसा राहू दे. सासूबाईंना त्यातल्या पिशव्या कोरड्या वस्तूंना वापरू द्या. नव्या पिशव्या यायच्या थांबल्या की तो आपोआप ओसरेल.

राहिला ताजा कलम. नणंदेला सिलिकॉनच्या पिशव्या देऊ नका. त्यांना त्या कशाला वापरायच्या हे कळायला तुमच्यासारखेच तीन महिने लागतील आणि एका पिशवीत चटणी जाणारच. त्यापेक्षा सासूबाईंनी लुगड्याच्या शिवलेल्या चार पिशव्या द्या, एकीत कडीचा डबा घालून, डब्यात दिवाळीच्या चकल्या. डबा परत मागू नका.